लासनहामर : उगम, अर्थ आणि चौथा खिळा

आडनाव ही माणसाची एकमेव मिळकत आहे, जी मिळवायला त्याने बोटसुद्धा हलवलेलं नसतं. म्हणूनच तिचा त्याला सगळ्यात जास्त अभिमान असतो. आमच्या आउलबाख या जर्मन गावात हा अभिमान रीतसर नोंदणीकृत आहे. त्याला अध्यक्ष आहे, चिटणीस आहे, गोल शिक्का आहे, आणि दर दोन वर्षांनी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये तो बटाट्याच्या सॅलडबरोबर वाढला जातो.

संस्थेचं नाव लासनहामर कुलमंडळ. अध्यक्ष माझा एवाल्डमामा. जगात लासनहामर आडनावाची माणसं एकूण एकेचाळीस. (त्यातला एक कॅनडात असतो. मंडळाच्या नऊ पत्रांना त्याने उत्तर दिलेलं नाही. पण 'मी तुमचा नाही' असंही कळवलेलं नाही, म्हणून तो धरलाय.) वीस वर्षांपूर्वी हाच आकडा त्रेसष्ट होता. याला कोणी घट म्हटलं की मामा तापतो. "ते म्युलर आडनाववाले बघ, गल्लीबोळात सांडलेत! आपण निवडक आहोत, म्हणून लोकप्रिय." लोकप्रियतेची ही व्याख्या मला पटते. या हिशेबाने जगातलं सगळ्यात लोकप्रिय आडनाव म्हणजे ज्याचा शेवटचा माणूससुद्धा गेला ते.

मी आईकडून लासनहामर. म्हणजे मंडळाच्या लेखी अर्धा. अर्धे मोजत नाहीत. (सॅलड मात्र पूर्ण खातात, अशी चिटणिसांची तक्रार आहे.)

आता अर्थ. 'हामर' म्हणजे हातोडा, यावर एकमत आहे. भानगड 'लासन'ची. आमच्या बोलीत त्याचा अर्थ सोडणं असाही होतो आणि सोपवणं असाही. मामाने तीस वर्षांपूर्वी, कुठल्याही कागदाला हात न लावता, 'सोपवणं' पक्कं केलं. म्हणजे ज्याच्या हाती सरदाराने हातोडा सोपवला, तो. मग मूठ, मुठीत हातोडा आणि वर मुकुट असं कुलचिन्ह आलं. मग मुकुट आहे म्हटल्यावर सरदार लहान दिसायला लागला, म्हणून त्याचा राजा झाला. सध्याच्या लासनहामरांत तीन विमा एजंट, दोन दातांचे डॉक्टर, एक चष्मेवाला आणि बाकी निवृत्त आहेत. गेल्या शंभर वर्षांत घराण्यातल्या कोणी हातोडा उचलल्याची नोंद नाही. इतका मौल्यवान हातोडा रोज कोण वापरणार?

मंडळाच्या मालकीची गावात एक जुनी लोहारशाळा आहे. वरच्या मजल्यावर माझी गुड्रुनमावशी एकोणीस वर्षं राहत होती. आजीचं शेवटचं आजारपण तिने तिथेच काढलं. नववीत शाळा सोडल्यापासून मीही तिथेच असायचो. खालची भट्टी थंड पडलेली होती, ती हेन्नोने पेटवली. हेन्नो नालबंद. पंचक्रोशीतल्या घोड्यांना नाल ठोकतो, कमी बोलतो, आणि मावशीशी लग्न करणार होता. इथे मंडळाच्या घटनेचं कलम सात आडवं आलं. सदर वास्तूत फक्त 'लासनहामर आडनाव धारण करणारी व्यक्ती व तिचे आश्रित' राहू शकतात. लग्नात दोघांनी एकच नाव घ्यायचं ठरवलं होतं. ते हेन्नोचं झालं तर मावशीचं घर गेलं आणि त्याची भट्टीही गेली.

हेन्नोचं आडनाव हाबेनिश्त. अर्थ सरळ आहे : 'माझ्याकडे काही नाही'.

"अरे, तुझं नावच रिकामं आहे," मामा त्याला म्हणाला. "आम्ही तुझ्या हातात हातोडा देतोय."

"हातोडा माझा आहे, साहेब."

"तसा नाही रे! कुळाचा!"

हेन्नोने मावशीकडे बघितलं. मावशी खिडकीबाहेर बघत होती. तिने लावलेल्या नासपतीला त्या वर्षी पहिल्यांदा फळं धरली होती. "घेतो तुमचं नाव," तो म्हणाला. "घोड्यांना काय फरक पडतोय?"

शुक्रवारी लग्न. त्याआधीच्या शनिवारी मंडळाचा मेळावा, आणि तो लोहारशाळेच्या अंगणात, कारण भिंतीवर कुलचिन्हाची लोखंडी पाटी लावायची होती. तिथेच हेन्नोने आपलं नवं आडनाव सगळ्यांसमोर जाहीर करायचं होतं. मंडळाचे सव्वीस सभासद हजर होते. नावाची थोरवी सांगायला विद्यापीठातून एक आडनावतज्ज्ञ बोलावल्या होत्या, फेल्टेनबाई. मामाने त्यांना केक दिला, माइक दिला, आणि इथेच त्याचं चुकलं. त्या खरंच अभ्यास करून आल्या होत्या.

बाई म्हणाल्या, हे टोमण्यातून आलेलं आडनाव आहे. लोहारांच्या गिल्डच्या, म्हणजे जुन्या कारागीर संघाच्या, वहीत क्लाउस नावाच्या कारागिराची नोंद सापडते. भट्टीत लोखंड तापत होतं, मालक ओरडत होता, आणि या गृहस्थाने हातोडा खाली ठेवला आणि निघून गेला. बाकीचे कारागीर त्याला चिडवायला लागले : 'लास देन हामर'. सोड तो हातोडा! "तुमचे मूळपुरुष म्हणजे," बाई गोड हसून म्हणाल्या, "काम टाकून पळालेला माणूस."

अंगणात चमचा पडला तरी ऐकू आला असता. पडलाही. वाल्ट्राउटकाकूंचा.

माझा तर ऊर भरून आला. सव्वीस जणांत एकही त्या क्लाउसवर गेलेला नव्हता. एकटा मी गेलो होतो, आणि मलाच मोजत नव्हते.

मामा पाच सेकंद लाल झाला. मग त्याने सुसंस्कृत माणूस सत्यासमोर जे करतो ते केलं. मतदान घेतलं. ठराव असा : 'लासनहामर या आडनावाचा अर्थ हातोडा सोपवलेला असा असून तो पूर्वीपासून तसाच होता.' बाजूने चोवीस. विरोधात एक, गुड्रुनमावशी. तटस्थ एक. (वाल्ट्राउटकाकू. झोपल्या होत्या.) मी दोन्ही हात वर केले, कारण अर्धा आणि अर्धा मिळून एक होतो. चिटणिसांनी गणित फेटाळलं.

"तू खाली कर रे हात," मामा गुरगुरला. "लासनहामर काही अर्धवट सोडत नाही. तुला काय कळणार? तू बापावर गेलायस!"

मग पाटी. चार खिळे. पहिला मानाचा, मामाचा. वाकला. दुसरा घेतला, तोही वाकला. तिसऱ्याला मामाचा अंगठा मध्ये आला. पुढे दोन्ही दातांच्या डॉक्टरांनी प्रयत्न केला. विमावाले मागे सरकून फोन बघायला लागले.

"हेन्नो," मामा अंगठा चोखत म्हणाला, "ठोक की रे, बाबा."

हेन्नोने भट्टीवरून आपला हातोडा आणला. एक खिळा, दोन घाव. दुसरा, दोन घाव. तिसराही तसाच. टाळ्या पडल्या. मामाने माइक उचलला. "बघा! हातोडा योग्य हाती सोपवलाय! शुक्रवारपासून हा आपला. बोल हेन्नो, बोल. चौथा ठोकताना बोल, फोटो चांगला येईल."

हेन्नो थांबला. "बाई, तुम्ही सांगितलंत ते पक्कं?"

"वहीत लिहिलेलं आहे," बाई म्हणाल्या.

"आणि यांनी हात वर करून खोडलं."

"चोवीस विरुद्ध एक," चिटणीस म्हणाले.

हेन्नोने मावशीकडे बघितलं. मावशीने नासपतीकडे बघितलं, मग भावाकडे, आणि मग होकाराची मान डोलावली. तेवढंच. हेन्नोने हातोडा सॅलडच्या परातीशेजारी अलगद ठेवला.

"घ्या. झालो लासनहामर," तो म्हणाला. "खऱ्या अर्थाने. शुक्रवारची गरज नाही."

"अरे, चौथा खिळा?"

"तुमच्या हाती सोपवला, साहेब."

"गुड्रुन! घर जाईल, कळतंय का तुला?"

"कळतंय, दादा," मावशी म्हणाली. "आईची खाट तेवढी नेते. तिच्यावर तुझं चिन्ह नाही."

शुक्रवारी ती हाबेनिश्त झाली. सोमवारी मंडळाचं पत्र आलं, शिक्क्यासकट. आता आम्ही तिघं एका घोडेवाल्याच्या तबेल्यावरच्या खोलीत राहतो. छताला उतार आहे, खालून लिदीचा वास येतो आणि घरात नावाप्रमाणे काही नाही. नासपतीची फळं मंडळाने उतरवली. पाटी अजून तीन खिळ्यांवर तिरकी लटकलेली आहे. हा तिरकेपणा ऐतिहासिक असल्याचा ठराव पुढच्या मेळाव्यात येणार आहे. सभासदसंख्या चाळीस. म्हणजे लोकप्रियता आणखी वाढली.

तबेल्याच्या दाराशी बेल आहे. तिच्यावर वर 'हाबेनिश्त' आणि खाली 'टिल' लिहिलंय. टिल मी. आमचा पोस्टमन पहिल्याच दिवशी अडला. "नुसतं टिल? पुढे?" म्हटलं, पुढे काही नाही. तो माझी पत्रं परत पाठवतो.

त्याला नावं ठेवू नका. तुम्हीही मघापासून तेच शोधताय. हा मुलगा मुलखाचा आगाऊ, पण कोणाचा? बापाकडून कोण? आत्ता मी नुसतं टिल सांगितलं, तेव्हाही तुमच्या मनात 'पुढे?' आलंच की. कुठेही कोणी नुसतं नाव सांगितलं की येतं. पुढचं कळेपर्यंत त्याला बसा म्हणायचं की नाही, ते ठरत नाही तुमचं.

मग संकोच कसला? कुलमंडळात एक जागा रिकामी आहे. अर्ज मामाकडे मिळतो. येताना हातोडा आणू नका, तिथे चालवता कोणालाच येत नाही.