विहिरीतल्या पोराचा इंग्रजी अर्ज

बाळांनो, मांडी घाला, नाकातलं बोट काढा आणि ऐका.

एका जंगलात एक विहीर होती. जंगलात विहीर कोणी खणली, असलं विचारू नका. नाहीतर गोष्ट इथंच संपवीन.

त्या विहिरीत शेवंती सशिणीचं पोर पडलं. गुब्या त्याचं नाव. पाणी गुडघाभरच होतं, पण गुडघा म्हशीचा. गुब्याच्या नाकाशी आलं होतं. एका दगडाला धरून तो केकाटत होता.

शेवंती धावत मदतकचेरीत गेली. त्याच साली सिंहाने कचेरीचा कारभार इंग्रजीत केला होता. शेजारच्या जंगलात तसा होता, म्हणून.

टेबलामागे कोल्हेसाहेब.

"साहेब, माझं पोर विहिरीत पडलंय हो!"

"कळलं बाई. पण अर्जात काय लिहू? इन द वेल, ऑन द वेल, की अ‍ॅट द वेल?"

"तिन्ही लिहा, पण चला!"

"तिन्हींची पथकं वेगळी. आत असेल तर अस्वलं जातात. काठावर असेल तर माकडं. नुसतं जवळपास असेल तर कोणीच जात नाही."

"मग त्यातलं आत कुठलं, तेवढं सांगा ना."

"ते अर्जदारानेच सांगायचं. नियम आहे."

शेवंतीने शाळा आठवून पाहिली. शाळेतलं एकच वाक्य तिला पाठ होतं, द बुक इज ऑन द टेबल. त्या धड्यात विहीर नव्हती.

"ऑन," ती म्हणाली.

माकडं आली. काठ तपासला. "काठावर कोणी नाही. खोटी तक्रार."

"अहो, मी खाली आहे!" गुब्या ओरडला.

"तू गप रे. तुझा अर्ज आलेला नाही."

शेवंती पळाली ती थेट डबक्यात बसलेल्या भुरी म्हशीकडे. "भुरीमावशी, पोर विहिरीत..."

पुढचं ऐकायला भुरी थांबलीच नाही. शाळेत गेली नव्हती ना! तिने एक जाड वेल उपटली, एक टोक तोंडात धरून आत सोडली. गुब्याने ती दातांत धरली. भुरीने मान वर केली. गुब्या काठावर येऊन पडला आणि तीनदा शिंकला.

माकडांनी टाळ्या पिटल्या. "बघा, पोर ऑन द वेल! अर्ज बरोबर निघाला!"

कोल्हेसाहेबांना बढती मिळाली. माकडांना हार. आणि भुरीमावशीला, विनापरवाना वेल उपटल्याची नोटीस.

तात्पर्य : पोर विहिरीत पडलं, तर आधी त्याला बाहेर काढून काठावर ठेवावं, मगच मदत मागावी. मदत अगदी वेळेवर पोचते.