न्हाणीघरातला शामा

दोन पोरं वाढवलेल्या माणसाला मूठभर पाखराचं काय अवघड! असं मी मेहुण्याला छाती फुगवून सांगितलं. तो जनावरांचा डॉक्टर. काचेवर आपटलेला एक शामा पक्षी त्याने बरा केला होता आणि बाहेरगावी जाताना आमच्याकडे ठेवला होता. पाखरू मोठं देखणं. डोकं-पाठ काळीभोर, पोट विटकरी, शेपूट अंगापेक्षा लांब. पण ते काही खाईना. पपई दिली, भात दिला, बिस्किटाचा चुरा दिला. त्याने सगळ्याकडे पाठ फिरवली.

मी फोन केला.

"भावोजी, तो किडे खातो," मेहुणा म्हणाला. "राहतो दाट जंगलात, झुडपांच्या सावलीत. उघड्यावर बुजतो. आज पोटात काही गेलं नाही, तर कठीण आहे."

माझं धाबं दणाणलं. घरातल्या सगळ्या कुंड्या न्हाणीघरात नेल्या, खिडकीवर चादर टांगली, बागेतून बरणीभर नाकतोडे धरून आणून सोडले आणि पिंजरा उघडला. जंगल तयार. घरात कुणाला सांगायचं तेवढं राहिलं.

आमच्याकडे राहायला आलेले सासरे आंघोळीला गेले. गेले तसे बाहेर आले, कमरेला टॉवेल आणि दंडावर नाकतोडा. मागून उरलेले नाकतोडे, त्यांच्या मागून शामा. बायको खुर्चीवर चढली. मी आधी पंखा बंद केला आणि मग कशी समजूत घालावी याचा विचार करू लागलो.

तेवढ्यात शामा पडद्याच्या दांडीवरून खाली झेपावला आणि त्याने सासऱ्यांच्या दंडावरचा नाकतोडा अलगद उचलला.

"बाबा, हलू नका," बायको पुटपुटली.

सासरे टॉवेल घट्ट धरून पुतळ्यासारखे उभे. शामाने सोफ्यावरचा टिपला, मग उशीवरचा. मी शब्द जुळवत होतो, पण सासरे माझ्याकडे बघतही नव्हते.

"जेवतोय रे," ते हळूच म्हणाले. "अजून एक बसव माझ्या अंगावर."

मेहुणा परतल्यावर आम्ही सगळे शामाला जंगलात सोडायला गेलो. पिंजरा उघडताच तो बांबूच्या गर्द बेटात दिसेनासा झाला. थोड्या वेळाने आतून अशी काही लांबलचक शीळ आली, की सासऱ्यांनी डोळे पुसले. मी म्हणालो, "ऐकलंत? आमच्या घरचं खाल्लंय त्याने!"

मेहुण्याने दुर्बीण खाली केली.

"भावोजी, गातोय तो दुसरा आहे. आपला शेजारच्या फांदीवर बसून ऐकतोय."