चाळीस चाऱ्यांच्या पाणीपाळीची हकिकत

श्रीकृपेकरून शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत्‌नाम संवत्सरी, कार्तिकमासी वर्तमान जाहले ते ऐसे. एका राज्यात कालव्याच्या चाळीस चाऱ्या होत्या आणि पाणी कोणाचे कधी हे मोबाइलवर कळविणारी आज्ञावली करावी ऐसा हुकूम होता. आदले साली ती एका मुहूर्ती चाळीसही चाऱ्यांवर एकदम सोडली आणि पाळ्यांचा घोळ होऊन शेवटाकडील हरभरा वाळला, मग आज्ञावली करणाऱ्या कारखान्याचे मुख्य घरी बसविले आणि त्यांचे जागी द्वारकाबाई शेवडे आल्या. यंदा चुकले तर बाईंची जागा जाणार आणि शेवटाकडील गहू जाणार, हे बाई जाणून होत्या. दिवाण भुजंगराव यांची मर्जी की रथसप्तमीस नगारा वाजवून सर्व एकदम सुरू करावे. बाईंनी अर्ज केला, "आज एक चारी द्यावी."

दिवाण बोलले, "बाई, पाने मांडली तर पुरती वाढावी. एकेक घास भरवीत कुठवर बसणार?"

"पहिला घास खारट लागला तर बाकीचे पान वाचते, सरकार."

दिवाण हसले आणि एक चारी दिली. मग बाईंनी आज्ञावलीच्या साठ परीक्षा घेतल्या, साठांतही ती उतरली, आणि त्या चारीवर सोडली. तिसरे दिवशी सकाळी त्या चारीचे पाणी वाटणारा पाटकरी हैबती मोबाइल घेऊन कारखान्यात हजर जाहला.

"बाई, ह्याला कोणी शिकवलं? मंगळवारच्या पहाटेचं पाणी, अन् बोलावणं एक दिस आधीच! एका दारावर दोघं कुदळी घेऊन उभे. आमच्याकडं तांबडं फुटल्याबिगर वार बदलत नाही."

वार मध्यरात्री बदलतो हे गृहीत धरून आज्ञावली बाईंनीच लिहिली आणि परीक्षाही त्यांनीच, सबब साठांत एकीसही चूक दिसली नाही. त्या चारीवर पहाटेच्या पाळ्या सात होत्या. चाळीस चाऱ्यांवर दोनशे ऐंशी झाल्या असत्या. "हैबतराव, बसा. आणखी काय काय आमच्याहून निराळे, ते सांगा," म्हणोन त्यांनी कागद ओढला आणि एकसष्टावी परीक्षा पहाटेची लिहिली. मग दुरुस्ती करून एकसष्टही पुन्हा घेतल्या. पुढे तीन चाऱ्या, मग नऊ, मग बाकीच्या, आणि दर खेपेस नव्या चारीच्या पाटकऱ्यास आधी विचारावे, जुन्या सर्व परीक्षा फिरून घ्याव्या, एकही अडली तर पुढे जाऊ नये, ऐसा शिरस्ता ठेविला.

रथसप्तमीस दिवाण वाजतगाजत आले आणि सर्व सुरू करण्याच्या समारंभास मांडलेल्या, जरीच्या रुमालाखालील कळेवर हात ठेवून हैबतीस पुसते जाहले, "आता तुझ्या चारीस पाणी येईल ना?"

"येऊन गेलं की, सरकार. चार येळा. पुढचं परवा."

दिवाणांनी बाईंकडे पाहिले आणि कळ दाबली. नगारा वाजला. "काय जाहले?"

"काही नाही, सरकार," बाई बोलल्या, "कळ कशासच जोडलेली नाही."

येणेप्रमाणे चाळीस चाऱ्या चालू जाहल्या, शेवटाकडील गहू भरला, बाईंची जागा राहिली. परीक्षा एकशे बारावर गेल्या, त्यांत पहाटेची अद्याप आधी घेतात. कळ दिवाणखान्यात रुमालाखाली आहे.