धाकू तांडेल आधी थांबतो

कुठेही जायचं म्हटलं की धाकू तांडेल आधी थांबायचा. तुम्ही-आम्ही पोचल्यावर थांबतो. हा गृहस्थ निघाल्याबरोबर थांबायचा. देवगडला एस.टी.ने जायचं असलं, तर आदल्या दिवशी सकाळी घराला कडी लावून, गाठोडं काखेत मारून तो थांब्यासमोरच्या कुणाच्या तरी पडवीत येऊन बसे. थांबा त्याच्या घरापासून चाळीस पावलांवर. पडवीतून त्याला स्वतःचं घर दिसे, स्वतःची कोंबडी दिसे. ती शेजारणीच्या वाफ्यात शिरली तर तो तिथूनच तिला शिव्या घाली, पण उठून घरी जाणं नाही. एकदा पाऊल बाहेर पडलं की पडलं. जेवण त्या पडवीत, झोप त्या पडवीत, आणि दुसऱ्या दिवशी एस.टी. घरमालकाला विचारायची पद्धत नव्हती. घरमालकाला ते सकाळी दार उघडल्यावर कळे.

आपल्याकडे प्रस्थान ठेवायची चाल आहेच. मुहूर्त आजचा आणि जाणं उद्या-परवाचं असलं, तर नारळ, सुपारी आणि एखादा कपडा गाठोड्यात बांधून मुहूर्तावर शेजाऱ्याकडे ठेवून यायचं. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला, असं देव समजून घेतो. धाकूला हा देवाचा भोळेपणा मान्य नव्हता.

"गाठोड्याचे पाय दुखतत काय?" तो विचारायचा. "थांबाक माणसान व्हया."

त्याचं शास्त्र गलबताचं. उभा जन्म त्याने मालवाहू गलबतावर तांडेलकी केली, म्हणजे गलबतावर त्याचा शब्द शेवटचा. डागडुजी केलेलं गलबत बंदरातून काढलं की एक दिवस खाडीच्या तोंडाशी नांगरून ठेवायचं, पाणी कुठून आत येतं ते बघायचं आणि मगच समुद्रात लोटायचं, असं तो सांगे. "गळता खंय ता आधी बघूक व्हया" हे त्याचं पालुपद. जुने खलाशी हे ऐकून गालात हसत. गलबतावर असताना हाच धाकू वारा मिळाला की भरल्या ताटावरून उठून शीड चढवायला लावायचा, असं त्यांचं म्हणणं. पण म्हातारपणी माणसं बदलतात, असं म्हणून आम्ही ते सोडून देत असू.

मी मिठबावचा पोस्टमास्तर, आणि मिठबावचाच रहिवासी. माझं लग्न आचऱ्याला ठरलं तेव्हा वऱ्हाड होडीनं न्यायचं काम धाकूकडे आलं. हा वडिलांच्या हातून झालेला प्रमाद. लग्नाच्या दोन दिवस आधी आम्हा बावीस माणसांना होडीत बसवून धाकूने खाडीच्या तोंडाशी नांगर टाकला आणि विडी पेटवली. तिथून आमच्या स्वयंपाकघराचा धूर दिसत होता. आत्या रडायला आल्या, मामांनी धाकूचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार केला, मी मुंडावळ्या सांभाळत वाळूच्या पट्ट्याकडे बघत बसलो. दुपारी आईने सहज पिशवी चाचपली आणि तिचे डोळे पांढरे झाले. मंगळसूत्र घरी देव्हाऱ्यात राहिलं होतं.

"गळता दिसला मा?" धाकू म्हणाला. त्याने पोहून जाऊन ते आणलं. घरात तो स्वतः शिरला नाही. खळ्यात, म्हणजे अंगणात, उभं राहून शेजारणीकरवी बाहेर मागवलं. माझा संसार त्या एका दिवसाने वाचला, हे माझी बायको अजून ऐकवते. म्हणून पुढे त्याने जे जे केलं त्याला नाही म्हणायचं तोंड मला उरलं नाही.

गोवा मोकळा होऊन दोन पावसाळे झाले होते. तेरेखोलपलीकडचा रस्ता उघडल्यावर माणसं देवाला, सोयऱ्यांना भेटायला खाली जाऊ लागली होती. एक दिवस धाकू पोस्टाच्या खिडकीत आला आणि म्हणाला, "मास्तरानू, शिवरात्रीक गोकर्णाक जातंय. चलत."

मी हातातला शिक्का कार्डाऐवजी टेबलावर मारला. पासष्टी उलटलेला माणूस. गुडघे असे की खुर्चीतून उठताना तो आधी देवाचं नाव घेई आणि मग खुर्चीचा आधार. गोकर्ण म्हणजे पंधरा-सोळा दिवसांची चाल.

"तांडेलानू, कुणकेश्वर हय हाकेर आसा. तोच शंकर, तीच पिंडी," मी म्हटलं.

"ता माका सांगू नकात."

"मगे होडयेन तरी जावा. उभो जन्म दर्यात गेलो तुमचो."

"दर्यातना गेलंय की वारो बघूचो लागता," तो म्हणाला. "वारो बरो आसा म्हणान माणूस घाई करता. चलणाऱ्याक वारो नाय." आणि लगेच कामाचं बोलला. "सोमवारचो मुहूर्त आसा. निघूचा मंगळवारी. मधलो दिस खंय काढूचो ता तुमी बघा."

एस.टी.च्या प्रवासाला कुठलीही पडवी चालायची. गोकर्णाच्या वाटेला मात्र ती चालेना. आठवडाभर धाकू मला घेऊन गाव हिंडला. पोस्ट बंद झालं की हा दारात उभा. आमच्याच घरापासून सुरुवात केली. तो ओसरीवर बसला, बायकोने दिलेली घावनं आणि रस खाल्ला, समाधानाने मान हलवली आणि म्हणाला, "हय नको. हयसून माणूस निघूचो नाय." देवळाच्या धर्मशाळेत गेलो. तिथे त्याला पटेना, कारण देवळातून निघून देवळाकडे जायचं तर पहिल्या देवाला काय वाटेल? पुतण्याच्या घरी रेडिओ होता. भटजींकडे उजवीकडच्या वाटेने यायचं, डावीकडच्या लोट्याला शिवायचं नाही, असे इतके नियम होते की त्यापेक्षा घाट चढणं सोपं. वाणी स्वतः होऊन बोलावत होता, पण वाणी बोलका. "तो बोलाक लागलो की शिवरात्र हयच होतली," धाकू म्हणाला.

पडवी न मिळाली तर? मी एकदा विचारलं.

"तर जावचंय नाय," तो म्हणाला. हे तो थट्टेत म्हणत नव्हता. त्याचा चेहरा एवढासा झालेला मी पहिल्यांदा पाहिला आणि त्याची कीव आली. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. म्हाताऱ्याला एकदा देवाला जायचंय, तर जाऊ दे की.

शनिवारी संध्याकाळी तो खिडकीत आला. माझ्याकडे न बघता, तारेच्या कोऱ्या फॉर्मांकडे बघत म्हणाला, "मास्तरानू, मी आनंदीच्या पडवेत रवतलंय. तुमी तिका इचारून येवा."

मी गारच पडलो. पहिली गोष्ट, धाकूने आयुष्यात कुणाला पडवीबद्दल विचारायला सांगितलं नव्हतं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे आनंदी.

आनंदीचा नवरा वासू हा धाकूच्या गलबतावरचा खलाशी. सतरा वर्षांपूर्वी गलबत कौलं आणायला मंगळूरला निघालं आणि तिसऱ्या दिवशी वासू तापाने गेला. तिकडेच एका किनाऱ्यावर त्याला अग्नी दिला. धाकू परत आला, पण आनंदीच्या दारात गेला नाही. वासूचं धोतर आणि टोपी त्याने दुसऱ्या खलाशाच्या हाती पाठवली. तेव्हापासून ती बाई धाकूशी एक अक्षर बोललेली नव्हती. ती मासळी विकते. धाकू समोरून आला की पाटीवर झाकण पडे, मग समोर गिऱ्हाईक असो नसो. गावात ताजी सुरमई फिरायची आणि धाकू मात्र सतरा वर्षं वालाची उसळ खात होता.

अशा बाईच्या पडवीत हा रात्र काढणार. ती विधवा, हा विधुर. गाव काय म्हणेल, हा विचार माझ्या मनात आला हे मी कबूल करतो, आणि गावाच्या आधी माझी बायको काय म्हणेल हाही आला.

तरी गेलो. मीठ नाही, मंगळसूत्र खाल्लेलं होतं त्याचं.

आनंदी खळ्यात बांगडे वाळत घालत होती. मी उभ्याउभ्याच घसा खाकरून सांगितलं. तिने एकेक बांगडा उलटा केला. सगळी रांग उलटून झाल्यावर म्हणाली, "मास्तरानू, पडवी माझी न्हय. तेंनी बांदल्यानी ती. तेंकाच इचारूक सांगा."

म्हणजे मेलेल्या वासूला. मी हे धाकूला येऊन सांगितलं. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

"नाय म्हणाक नाय मा?" धाकू म्हणाला.

सोमवारी मुहूर्तावर त्याने घराला कडी लावली. काठी, गाठोडं, डोक्याला टॉवेल. वाडीतली झाडून सगळी माणसं आपापल्या कुंपणाशी उभी. धाकू सरळ आनंदीच्या खळ्यात शिरला आणि पडवीच्या खालच्या पायरीवर बसला. पडवीत चढला नाही. आनंदी पाटी घेऊन बाहेर आली, त्याला वळसा घालून बाजाराला गेली. कुंपणाशी उभ्या असलेल्या माणसांची वासलेली तोंडं तशीच राहिली.

दुपारी डाकेची पिशवी रवाना करून मी गेलो. धाकू त्याच पायरीवर, उन्हात. ओठ सुकलेले. घरी जायचं नाही हा त्याचाच नियम, आणि या घरातून कुणी पाणी विचारलेलं नाही. आनंदी बाजाराहून परतली होती. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मी आमच्याकडचा ताकाचा तांब्या पुढे केला. त्याने नकाराची मान हलवली.

मला संताप आला. "मरूचा आसा काय तुमका हय? गावात धा पडये असताना हीच कित्याक?"

धाकू पायाच्या अंगठ्याकडे बघत हळू बोलायला लागला.

"निघायच्या सकाळी वासू माझ्याकडे इलो. कधी तोंड वर करून बोलणारो न्हय तो. त्या दिसा बोललो. 'तांडेलानू, एक दिस थांबया. अंगात कसर आसा.' वारो उत्तरेचो, एकदम बरो. मी म्हटलंय, दर्यार गप पडान रव, वाऱ्यान ताप उतारतलो. गेलो. मगे परत इलो. 'एकच दिस', म्हणालो. मी शीड चढवूक सांगलंय." त्याने टॉवेलाने तोंड पुसलं. "गोकर्णाच्या समोर इलंव तेव्हा हात जोडल्यान. म्हणालो, परतताना उतरान पाया पडतलंय. सांजेक गेलो. मास्तरानू, तो एक दिस ह्या घरातलो होतो. तो वाण्याच्या पडवेत बसान कसो भागतलो?"

सतरा वर्षं आम्ही या माणसाच्या थांबण्याला हसत होतो. मी स्वतः त्याच्या नकला करून सोयऱ्यांना हसवलं होतं. मला माझीच लाज वाटली.

आतला भांड्यांचा आवाज बंद झाला होता. आनंदी दारात उभी होती. तिने ऐकलं होतं. आता ही बाई म्हाताऱ्याला काय बोलेल, या भीतीने मी उठलो.

"तेंनी इचारल्यानी?" ती म्हणाली. सतरा वर्षांतले धाकूशी बोललेले ते पहिले शब्द.

धाकूने मान वर केली नाही. "होय."

"दोनदा?"

"दोनदा."

आनंदी उंबऱ्यावर बसली. "मिया सांगलेलंय तेंका," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "अंग तापला होता. म्हटलंय, तांडेलाक इचारा, एक दिस थांबा. गप बसले. माका वाटला, भिडेखातर इचारूकच नाय. माझा आयकूक नाय म्हणान गेले, असा मी सतरा वर्सा म्हणतंय. रोज तेंकाच शिव्या घातलंय मी, मास्तरानू. तांडेलाक काय घालूच्या."

ती रडली नाही. तिचा चेहरा मात्र मला ओळखू येईना, इतका तो सैल पडला होता. नवऱ्याने आपलं ऐकलं होतं, एवढंच तिला कळलं होतं. धाकूने कबूल केलेला अपराध तिच्या गावीही नव्हता. एका वाक्यावर दोन माणसं सतरा वर्षं दोन बाजूंनी बसून राहिली होती, आणि ते वाक्य कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग ती आत गेली आणि पेजेची वाटी व लोणचं घेऊन आली. पायरीवर न ठेवता तिने ते वर पडवीत ठेवलं. "वर बसा," म्हणाली. धाकू गुडघ्यावर हात टेकून चढला. तो जेवत असताना ती खांबाला टेकून उभी राहिली.

"तीन दिस होते मा गलबतार? तिनय दिसांचा सांगा माका. काय खाल्ल्यानी, काय बोलल्यानी, सगळा."

"सकाळी निघूचा आसा गो," धाकू म्हणाला.

"उद्याचो दिस थांबा."

मी धाकूकडे बघितलं. निघायच्या दिवशी न निघणं त्याच्या शास्त्रात बसत नव्हतं. आणि भटजींनी मंगळवारनंतर आठ दिवस दक्षिणेकडे जायला चांगला दिवस नाही म्हणून बजावलं होतं, म्हणजे थांबला तर शिवरात्र चुकणार, तेही त्याला ठाऊक होतं.

"थांबतंय," तो म्हणाला.

मंगळवारी सकाळी पोस्ट उघडायला जाताना मी मुद्दाम त्या वाटेने गेलो. आनंदीची पाटी खळ्यात उपडी होती. ती मासळीला गेली नव्हती. पडवीतल्या सारवलेल्या जमिनीवर धाकूने कोळशाने अख्खं गलबत काढलं होतं, पुढच्या नाळीपासून मागच्या वरामापर्यंत, आणि दोघं त्याच्या दोन बाजूंना बसली होती. कोळशाची एक आडवी रेघ म्हणजे निजलेला वासू. आनंदी त्या रेघेवरून बोट फिरवत होती.

"आनि तुमी खंय होतास?" तिने विचारलं. "सुकाणवार?"

मला वाटलं, असणारच. तांडेल सुकाणू सोडत नाही.

"सुकाणू दुसऱ्याक दिलंय," धाकू म्हणाला, आणि त्या रेघेच्या उशाशी, अगदी लागून, त्याने कोळशाचा एक ठिपका दिला. "मी हय. तिनय दिस."