सातुर्निनोचा शर्ट

एमेतेरियोला सर्दी झाली होती, पण स्पेनमधल्या आरो गावात हे कुणाला सांगायची सोय नव्हती. नुसता पेला हुंगून ही वाईन कुठल्या उतारावरची आणि ओकच्या पिंपात किती वर्षं राहिली, ते बिनचूक सांगणारं नाक होतं त्याचं. ते नाक संत पेद्रोच्या सणाच्या सकाळी, सगळं गाव एकमेकांवर वाईन उडवतं त्या लढाईच्या ऐन दिवशी चोंदलंय, हे फुटलं असतं तर घराण्याची अब्रूच गेली असती.

"शिंकलास का रे?" त्याच्या बायकोनं, मिलाग्रोसनं, तळघराच्या जिन्यावरून विचारलं.

"धूळ आहे इथं!"

"कालच झाडलंय मी. बुधले पण हलवलेत. नीट बघून घे."

"बघतात ते अडाणी. मी वास घेतो!"

तळघरात वेताच्या जाळीतले दोन बुधले होते. एकात गेल्या साली बिघडलेली, लढाईत उडवायची वाईन. दुसऱ्यात गारपिटीतून वाचलेल्या मूठभर द्राक्षांची, चार वर्षं ओकच्या लहानशा पिंपात मुरलेली सोळा लिटर. ऑगस्टमध्ये लेकीचं, वाल्वानेराचं लग्न होतं. नवऱ्यामुलाचा बाप सातुर्निनो समोरच्याच उतारावरचा बागायतदार, आणि लग्नात पहिला पेला कुणाच्या घरचा यावरून दोघा व्याह्यांची सहा महिने जुंपली होती. "तुझी वाईन सॅलडवर शिंपडायला बरी," असं सातुर्निनो चारचौघांत म्हणाला होता. त्याचं तोंड बंद करायला एमेतेरियोकडे ही सोळा लिटरच होती.

त्यानं डावीकडचा बुधला ऐटीत हुंगला. कसलाही वास आला नाही. ज्याला वास नाही ती बिघडलेलीच, असा निकाल देऊन त्यानं तो सगळा पाठीवरच्या फवारणीच्या पंपात ओतला. बागेत औषध मारायचा नव्हे, खास लढाईसाठी ठेवलेला पंप.

डोंगरावरच्या देवळात प्रार्थना संपली आणि रणधुमाळी सुरू झाली. पांढरे कपडे घालून आलेलं गाव बघता बघता जांभळं झालं. एमेतेरियोनं गर्दीतून सातुर्निनोला हुडकून नेम धरला आणि फवारा सोडला.

"घ्या व्याहीबुवा! छातीवर घ्या!"

सातुर्निनोनं बादली उगारली आणि तो मध्येच थांबला. ओठ चाटले. बादली खाली ठेवली.

"पुन्हा मार."

"का? भ्यालास?"

"बडबड नको. मार!" आणि त्यानं मोठ्ठा आ केला.

हा वेडावतोय, असं वाटून एमेतेरियोनं चेवानं पंप मारला. उडालेले थेंब शेजारच्या दोघांच्या तोंडात गेले, तेही आ वासून उभे राहिले. पाच मिनिटांत तिथं रांग लागली.

"अरे, लढा की!" एमेतेरियो ओरडला.

"लढायला तिकडं पुष्कळ आहेत," रांगेतला एक म्हातारा म्हणाला. "तू इकडं मार."

पंप कोरडा पडला तेव्हा सातुर्निनो डोळे मिटून उभा होता. "कुणाची रे ही?"

"माझीच. बिघडलेली!"

"ही बिघडलेली? मग चांगली कशी असेल!" त्यानं एमेतेरियोला मिठी मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "ऐका रे! लग्नात पहिला पेला ह्याच्या घरचा. मी हरलो!"

एमेतेरियोची छाती अभिमानानं भरून आली. त्या भरात त्याला जोरात शिंक आली आणि नाक मोकळं झालं. तोंडासमोर सातुर्निनोचा भिजलेला शर्ट होता. चेरी, तंबाखूचं पान, जुनं लाकूड. चार वर्षं. त्यानं रिकाम्या पंपाकडे पाहिलं.

"काय झालं?" सातुर्निनोनं विचारलं. "लग्नापुरती आहे ना?"

"आहे," एमेतेरियो कसाबसा म्हणाला. "तुझ्या अंगावर."

ऑगस्टमध्ये लग्न लागलं आणि पहिला पेला सातुर्निनोच्या घरचा निघाला. दुसरा इलाज नव्हता. एमेतेरियो मान खाली घालून बसला होता, तेवढ्यात सातुर्निनो पेला घेऊन उठला.

"ही प्या, वाईट नाही. पण माझ्या व्याह्याच्या वाईनची सर हिला नाही!" असं म्हणून त्यानं कोटाची बटणं काढली. आत तोच जांभळा शर्ट होता, दोन महिने पाण्यात न घातलेला. "खोटं वाटतंय? या, हुंगा!"

सगळ्यांत आधी पाद्री वाकले. मागं रांग लागली. एमेतेरियो ताठ मानेनं शर्टाशेजारी जाऊन उभा राहिला आणि येईल त्याला बजावू लागला, "घाम त्याचा आहे. बाकी सगळं माझं."