विहीर कुठली?

नाना म्हात्रे कुणालाही नाव विचारत नाहीत. आमच्या ग्राहक भांडाराच्या काउंटरवर माणूस उभा राहिला, की चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "विहीर कुठली?"

म्हणजे घरी पाणी कुठल्या विहिरीचं पिता! आता घरोघरी नळ आलेत, पण नानांना त्याचं काय? दिवेआगरच्या बाजूला वाडी तिथे विहीर, आणि आमच्या यादीत गणेश पाटील पाच. "नाव काय, कोनी पन ठेवतो," नाना म्हणतात. "विहीर बदलत न्हाय." पिंपळाच्या विहिरीचा गणेश वेगळा, खाऱ्या विहिरीचा वेगळा. त्यांच्या डोक्यात सगळे आपापल्या जागी बसलेले.

यंदा व्यवस्थापकांनी एक सॉफ्टवेअर आणलं. एकाच माणसाच्या दोन नोंदी असतील, तर एक पुसायची. कारण भांडार वाढदिवसाला मोबाइलवर शुभेच्छा पाठवतं आणि चंदनी साबण फुकट देतं. काही बहाद्दर दोन नावांनी दोन साबण नेत होते. शनिवारपर्यंत यादी साफ पाहिजे, असा हुकूम सुटला. कॉम्प्युटरवर मी बसले आणि शेजारी नाना.

सॉफ्टवेअरनं पहिल्याच फटक्यात पाच गणेश पाटलांचा एक करायला घेतला. नाना खुर्चीतून उठलेच. "अरे मेल्या, थांब! खाऱ्या विहिरीवाला आजोबा झाला, नि पिंपळवाल्याचं लगीन न्हाय अजून!" हे सगळं थेट स्क्रीनला. मी 'वेगळ्या व्यक्ती'वर क्लिक करायची, ते कारण विचारायचं, आणि नाना सांगायचे, "लिव. विहीर वेगळी." मला हसू यायचं, पण माणूस एकदाही चुकला नाही. एवढं सगळं डोक्यात ठेवतात तरी कसं, देव जाणे.

शुक्रवारी दोन नोंदी लाल झाल्या. सुनंदा काशिनाथ म्हात्रे आणि यमुना हरी ठाकूर. पत्ता एक, जन्मतारीख एक, मोबाइलही एकच, आणि तो चक्क नानांचा!

"नाना, चोर घरातच सापडला की! दोन दोन साबण?"

बोलून गेले आणि जीभ चावली. सुनंदाकाकू, नानांची बायको, जाऊन तीन वर्षं झाली होती.

नानांनी चष्मा काढून हातात घेतला. "साबन कधी न्हाय नेला गो. यमुना तिचं म्हायेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं 'सुनंदा' मीच लिवलं. तिला इचारलं पन न्हाय. आजारपनात एकदा बोलली, यमुना म्हनून एकदा तरी हाक मारा. मला लाज वाटली. उद्या मारू, उद्या मारू, करता करता ऱ्हायलंच."

"मग ही नोंद?"

"ती गेल्यावर मीच केली. वाढदिवसाला मेसेज येतो, यमुनाताई, शुभेच्छा. मी मोठ्यानं वाचतो घरात. तेवढीच हाक." त्यांनी चष्मा पुसला. "पुढच्या आठवड्यात हाय वाढदिवस. पन हुकूम तो हुकूम. पूस तू."

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू!

"नाना, काकूंचं माहेर कुठलं?"

"आगरदांडा. खाडीपलीकडं."

मी 'वेगळ्या व्यक्ती'वर क्लिक केलं. सॉफ्टवेअरनं कारण विचारलं.

मी लिहिलं, विहीर वेगळी.