सोसायटीची मोटर आणि दत्तारामचा हॉल

दत्तारामने आयुष्यात एकच वाक्य विचार न करता उच्चारलं, आणि नेमकं ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये. "ठेवा माझ्याकडे," असं तो म्हणून गेला. (तीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाने आधी 'बघू' म्हणायचं असतं, हे तो त्या दिवशी कसं विसरला देव जाणे.)

प्रश्न होता पाण्याच्या मोटरचा. महाडला सावित्रीकाठी त्यांची बारा बिऱ्हाडांची 'नदीदर्शन' सोसायटी. दर्शनाला आपण नदीकडे जायचं, असं बिल्डरच्या मनात असावं. पण नदी स्वतःच येते आणि तळमजल्याच्या खिडकीतून दर्शन देऊन जाते. मागच्या पुरात मोटर बुडाली आणि नऊ दिवस सगळ्यांनी बादल्यांनी पाणी वर चढवलं. तेव्हा यंदा पुराचा भोंगा वाजला की मोटर सोडवून वर न्यायची, असं एकमताने ठरलं. वर म्हणजे कोणाकडे, असं विचारताच मात्र सगळ्यांना एकदम आपापल्या चपला बघाव्याशा वाटल्या. दत्ताराम सेक्रेटरी, त्यात त्याचं घर पहिल्या मजल्यावर जिन्यालगत. तो बोलून बसला.

जुलैत भोंगा वाजला. मोटर वर आली. तिच्या मागोमाग तळमजल्यावरच्या प्रयागबाई तांदळाची दोन पिंपं घेऊन दारात उभ्या.

"भाऊ, लोखंडाला जागा हाय, नि माझ्या तांदळाला नाय?"

पिंपं आत आली. मग त्यांचा फ्रिज आला. मग त्यांच्या शेजारच्या दीपकचा सोफा आला. दीपक सोसायटीचा चेअरमन, त्यामुळे त्याची स्कूटरही आली. ती चौघांनी जिन्यावरून चढवली आणि वळताना तिच्या आरशाने लग्नात मिळालेल्या घड्याळाचा निकाल लावला. पाणी आलं, पहिल्या पायरीला लागलं आणि परत गेलं.

सामान परत गेलं नाही. पुन्हा भोंगा झाला तर पुन्हा चढवायचं कोणी, असा दीपकचा मुद्दा होता, आणि तो कोणाही महाडकराला पटला असता. खाली गेली फक्त मोटर, कारण तिच्यावाचून पाणी चढेना.

तेव्हापासून प्रयागबाई दिवसातून चारदा आपल्या फ्रिजमधल्या दुधाला येऊ लागल्या. दीपक दुपारी आपल्या सोफ्यावर आडवा होऊ लागला. दुसऱ्या कशावर त्याला झोप लागत नसे. दत्तारामच्या स्वतःच्या खुर्च्या पिंपांखाली कधीच गडप झाल्या होत्या. त्याची बायको नीला पंधरा दिवस स्कूटरच्या सीटवर बसून भाजी निवडत होती. सोळाव्या दिवशी तिने विळी धुऊन ठेवली आणि पिशवी भरली.

"अहो, मी नाते गावी आईकडे जाते. या घरात मला बसायला एक खुर्ची झाली, की न्यायला या."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. दत्ताराम उभ्याने चहा पिऊ लागला, उभ्याने करपलेला भात खाऊ लागला. घर पाय ठेवायला जागा नाही इतकं भरलेलं, आणि त्याला ते रिकामं वाटत होतं. हे सांगायचं तरी कोणाला? सांगायला गेलं तर ऐकणारा पुन्हा आपलंच काही ठेवायला घेऊन यायचा.

शेवटी त्याने मीटिंग बोलावली. ती त्याच्याच हॉलमध्ये झाली, कारण सोफा तिथे होता. दत्ताराम दाराशी उभा राहून नीलाबद्दल बोलला. सगळ्यांना वाईट वाटलं. प्रयागबाईंनी डोळे पुसले आणि जाताना दूध नेलं. ठराव झाला तो असा: सामान पाऊस संपेपर्यंत राहील. सर्वांचं सामान असल्याने हॉल सामाईक समजला जाईल. तो पाळीपाळीने झाडावा, पहिली पाळी दत्तारामची. आणि यापुढे हॉलमध्ये कोणतीही नवी भर घालायची, तर सेक्रेटरीची लेखी परवानगी लागेल.

हे शेवटचं कलम वाचताना दत्तारामला दोन महिन्यांत पहिल्यांदा हुरूप आला. सेक्रेटरी तोच होता! दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी त्याने कोरा कागद घेतला, स्कूटरच्या सीटवर ठेवला आणि सुवाच्य अक्षरात 'एक खुर्ची व एक पत्नी' आणण्यासाठी रीतसर अर्ज लिहिला. मग तो सेक्रेटरी झाला. टेप घेऊन जागेची पाहणी केली. फ्रिज आणि स्कूटरच्या मध्ये वीतभर जागा भरली. तीस वर्षांचा हात तो, कोणासाठी थांबतोय! लाल शाईने त्याने शेरा मारला, 'जागेअभावी नामंजूर', खाली सही केली आणि शिक्का उठवला.

शिक्क्याची शाई वाळल्यावर त्याला कळलं आपण काय केलं ते. पण सेक्रेटरीच्या निर्णयावर चेअरमनकडे अपील करता येतं, असा नियम होता. तो अपील लिहून लगेच सोफ्याकडे गेला. चेअरमन घोरत होता.

दत्ताराम कागद हातात धरून उभा राहिला. बसायला जागा नव्हती.